पेटीच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि मेव्हण्याचा पेनड्राइव्ह

प्रिय ताई,

मी देवगड तालुक्यात राहतो, वय सव्वीस. उत्तरात अरे-तुरेच करा. आंबा बागायतदारांसाठी मी हिशेबाचं एक सॉफ्टवेअर केलंय. बागेतून किती आंबा उतरला, डझनवारी, कुठल्या आडत्याला किती पेट्या गेल्या, पट्टी (आडत्याकडून येणारा विक्रीचा हिशेब) काय आली, गाडीभाडं, गड्यांचे पगार, कॅनिंगला किती किलो गेला, सगळं त्यात येतं. गेल्या हंगामात पाच जणांना प्रत्येकी ३००० रुपयांना दिलं, तोंडी. आता कळतंय की ते अकरा ठिकाणी चालतंय. एकाने मेव्हण्याला पेनड्राइव्हवर कॉपी करून दिलं, आणि त्या मेव्हण्याने मलाच फोन करून विचारलं की प्रिंट वाकडी का येते! त्यात रत्नागिरीकडच्या एका कॅनिंग कारखान्याने विचारलं, ‘आम्हाला दहा कॉम्प्युटरना लागेल, लायसन्स कसं देता?’ मला उत्तर देता आलं नाही. पुण्याचा मित्र म्हणतो, दर वेळी इंटरनेटवरून तपासणी कर. दुसरा म्हणतो, डोंगल लाव, म्हणजे कॉम्प्युटरला खोचायची किल्ली, ती असेल तरच प्रोग्राम चालतो. तिसरा म्हणतो, दरमहा भाडं घे. आमच्याकडे पावसात रेंज हवी तर सड्यावर चढावं लागतं. काय करू?

– पेटीवाला, देवगड

पेटीवाल्या,

मेव्हण्याचा फोन वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे लोक जगभर आहेत, पण फुकट घेतलेल्याची दुरुस्तीही फुकट मागायला खास आपल्याकडचं काळीज लागतं. तरी तो फोन विसरू नकोस. प्रोग्राम पेनड्राइव्हवर मावला, तू मावला नाहीस, म्हणून त्याला तुझा नंबर शोधावा लागला. पुढे मी जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं ह्या फोनवरच उभं आहे.

तुझ्या तिन्ही मित्रांनी तुला कुलपं सांगितली. बोली, म्हणजे देण्याघेण्याच्या अटी, काय करायची ते कोणीच सांगितलं नाही. मीही सुरुवातीला हेच केलं होतं. वीसेक वर्षांपूर्वी चिपळुणात मी दुकानदारांसाठी बिलाचा प्रोग्राम विकायचे. एकदा कॉपी झालेली सापडली आणि मी चिडून प्रोग्राम हार्डडिस्कच्या नंबराशी बांधून टाकला. डिस्क बदलली की प्रोग्राम बंद. मोठी हुशारी केली असं वाटलं. पुढच्या एप्रिलमध्ये सावंतवाडीकडच्या एका आंबेवाल्याची डिस्क गेली. त्याने नवी बसवून घेतली, प्रोग्राम उघडला, आणि प्रोग्राम म्हणाला, ‘अनधिकृत वापर’. मी तेव्हा सांगलीला लग्नात होते. दोन दिवसांनी फोन लागला तेव्हा तो एवढंच म्हणाला, ‘ताई, आंबो काय तुमच्यासाठी थांबणा नाय.’ पूर्ण पैसे मोजून, पावती घेऊन, फायलीत लावून ठेवणारा तो माणूस होता. ज्यांनी कॉपी केली होती त्यांनी एव्हाना माझं कुलूप तोडणारा कोणी पोरगा शोधलाही होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी स्वतःच्या हाताने दिली. पुढच्या वर्षी त्या माणसाने वही वापरली.

तेव्हा आधी बोली.

लायसन्स म्हणजे काय हे गिऱ्हाइकाला समजावायला आपल्याकडे बरं उदाहरण आहे. बाग कराराने देतात तसं हे. मालक कलमं हंगामापुरती दुसऱ्याला देतो. घेणारा फवारणी करतो, राखण करतो, आंबा काढतो, विकतो. आंबा त्याचा, पण झाड त्याचं होत नाही. तो फांदी तोडू शकत नाही आणि तीच बाग तिसऱ्याला कराराने देऊ शकत नाही. प्रोग्राम हे तुझं कलम, त्यातून निघणारा हिशेब हा गिऱ्हाइकाचा आंबा. कुठल्याही बागायतदाराला हे एका वाक्यात कळतं. ‘एंड यूजर’ वगैरे शब्दांनी त्याच्या चेहऱ्यावर जे धुकं येतं ते येत नाही.

कायद्याची कलमंही तुझ्या बाजूने आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. तू लिहिलास, तर हक्क आपोआप तुझा, नोंदणी केली नसली तरी. नकली प्रत आहे हे माहीत असून ती वापरणाऱ्याला कलम ६३ ब खाली किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. पण तीन हजारांसाठी तू कोणाच्या मेव्हण्याला कोर्टात खेचणार नाहीस, आणि खेचलंस तर तालुक्यात दुसरी प्रत खपणार नाही. हे कलम कारखान्यासारख्या गिऱ्हाइकासाठी लक्षात ठेव. त्यांच्याकडे हिशेब तपासनीस येतो, तो ‘ह्या सॉफ्टवेअरचं बिल दाखवा’ म्हणतो, आणि तिथे मालकच तुझ्यामागे लायसन्ससाठी लागतो. त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. रीतसर घेणाऱ्याला स्वतःपुरती राखीव प्रत काढून ठेवायची मुभा आहे. तेव्हा ‘एकही कॉपी करू नये’ असं कागदावर लिहू नकोस. ते खोटं ठरतं आणि हास्यास्पदही दिसतं.

आता मोजायचं काय, हा खरा प्रश्न. कारखान्याने ‘दहा कॉम्प्युटर’ म्हटलं म्हणून तूही कॉम्प्युटर मोजायला लागलास. थांब जरा. मोजण्याचं माप असं हवं की जे गिऱ्हाईक तसंही मोजत असतं, आणि जे लपवण्यात त्याला फायदा नसतो.

पेटीमागे पैसे घ्यावेत असं तुला कधीतरी वाटेल. दिसायला ते फार न्याय्य दिसतं: जास्त आंबा, जास्त पैसे. करू नकोस. पेटीमागे रुपया लागतोय म्हटल्यावर बागायतदार निम्म्या पेट्या वहीत लिहील आणि निम्म्या तुझ्या प्रोग्राममध्ये. मग त्याचा हिशेब जुळणार नाही, आणि जुळला नाही की दोष तुझ्या प्रोग्रामचा. ज्या मापाने गिऱ्हाईक तुझं सॉफ्टवेअर कमी वापरायला शिकतं ते माप वाईट. माणसामागे घेतलंस तर हंगामात गडी, मुनीम, भाचा, जो रिकामा असेल तो टंकायला बसतो. सगळे एकाच नावाने आत शिरतील आणि कोणी चूक केली ते कधीच कळणार नाही. कॉम्प्युटरमागे घेतलंस तर माझी सावंतवाडीची गोष्ट आहेच. खाऱ्या हवेने आणि विजेच्या लपंडावाने आपल्याकडे कॉम्प्युटर किती टिकतात ते तुला सांगायला नको.

माझं मत असं: पेढी मोज. एक नाव, एक पत्ता, एक हिशेब म्हणजे एक लायसन्स. त्या पत्त्यावर एका वेळी तीन कॉम्प्युटरपर्यंत चालेल. घरचा, शेडमधला आणि मुलाचा लॅपटॉप धरले की बागायतदाराचा प्रश्न मिटतो. मोठ्या पेढीला दुसरी पायरी, एका वेळी दहापर्यंत. त्यापुढे फोन करा. पायऱ्या दोनच ठेव. तिसरी काढलीस की दरपत्रक समजावण्यात तुझा मे महिना जाईल. ‘एका वेळी’ हे दोन शब्द मात्र सोडू नकोस. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या बोरलँड कंपनीने आपल्या लायसन्समध्ये ही गोष्ट साध्या भाषेत लिहिली होती: हे पुस्तकासारखं वापरा, कोणीही, कुठल्याही कॉम्प्युटरवर, फक्त एकाच वेळी दोन ठिकाणी नको. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासून चालू आहे. एक पुस्तक एका वेळी एकाच घरात, ही अट कोकणात कोणाला नव्याने शिकवावी लागत नाही.

आणि मेव्हणा? त्याची पेढी वेगळी, म्हणून लायसन्स वेगळं. हे त्याला पटवायचं काम तू करायचं नाहीस, त्याच्या बिलाने करायचं. लायसन्समध्ये पेढीचं नाव, पत्ता आणि असेल तर जीएसटी क्रमांक घाल. प्रोग्राममधून निघणाऱ्या प्रत्येक बिलाच्या, पेटीच्या चिठ्ठीच्या आणि अहवालाच्या माथ्यावर तेच नाव छाप, आणि प्रोग्रामच्या आतून ते बदलता येणार नाही असं कर. झालं. मेव्हण्याने कॉपी घेतली तर त्याच्या पेट्या वाशीच्या बाजारात दाजींच्या नावाने जातील. पट्टीही दाजींच्या नावाने येईल. पैसे कोणाच्या खात्यात पडतील ह्या विचारानेच तो तुला फोन करेल. मी हार्डडिस्कचं कुलूप काढून हे सुरू केलं त्या वर्षी एकाही गिऱ्हाइकाशी भांडले नाही, आणि कॉपी घेतलेले तिघेजण आपणहून ‘नाव बदलून द्या’ म्हणत आले.

मुदतीचं बोलू. दरमहा भाडं आपल्या बागायतदाराला रुचत नाही आणि परवडतही नाही. त्याच्या हातात पैसा वर्षातून एकदाच येतो. बाजारातल्या प्रत्येकाला टॅलीची रीत माहीत आहे: एका कॉम्प्युटरसाठी सिल्व्हर, ऑफिसातल्या जोडलेल्या कॉम्प्युटरांसाठी गोल्ड, एकदा घेतलं की तुमचं, आणि नव्या आवृत्त्यांसाठी वर्षाचं नूतनीकरण वेगळं. ओळखीची वाट आहे, त्याच वाटेने जा. पहिल्यांदा एक रक्कम. ती आवृत्ती त्याने हवी तितकी वर्षं वापरावी. मग दरवर्षी छोटी रक्कम, त्यात सुधारणा आणि तुझा फोन. फोन हा शब्द कागदावर ठळक लिही, कारण पैसे त्याचेच मिळतात. सुधारणा कशाला लागतात असं कोणी विचारलं तर २२ सप्टेंबर २०२५ ची आठवण दे. त्या दिवशी जीएसटीचे दर बदलले, बारा टक्क्यांतला बराचसा माल पाच टक्क्यांत आला, आणि जुन्या दरांवर अडकलेल्या प्रोग्रामांच्या मालकांनी रात्र जागून काढली.

वर्षाची मुदत ३१ मार्चला संपवू नकोस. सगळे संपवतात, कारण ‘आर्थिक वर्ष’. पण ३१ मार्चला तुझं गिऱ्हाईक झाडाखाली असतं, त्याला जेवायला वेळ नसतो आणि आडत्याचे पैसे अजून यायचे असतात. तुझी मुदत ३१ जुलैला संपू दे आणि आठवण जूनच्या मध्यावर कर. पट्ट्यांचा हिशेब तोवर लागलेला असतो, पाऊस पडतोय, माणूस घरात बसलाय, चहा पाजतो आणि पैसेही देतो. पुढे मासेवाल्यांसाठी काही केलंस तर हेच गणित उलटं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, त्या दिवसांत तिथे वसुलीला जाऊच नये. नारळी पौर्णिमेनंतर दीड-दोन महिन्यांनी जा.

किंमतही वाढव. हंगामाच्या सुरुवातीच्या एका चांगल्या पेटीला जेवढे मिळतात तेवढ्यात तू पूर्ण हंगामाचा हिशेब देतोयस. लहान पेढीला पहिल्या वर्षी सहा हजार आणि पुढे दरसाल पंधराशे म्हणालास तर कोणी उठून जाणार नाही. कारखान्याला ह्याच्या चौपट सांग. तो घासाघीस करेल, तू तिपटीवर ये.

आता कुलूप. बोली ठरली की कुलूप फारसं लागत नाही, तरी थोडं हवं, निदान नाव बदलता येऊ नये एवढं. त्यासाठी सही केलेली फाईल पुरते. तुला प्रोग्रामिंग येतं, म्हणून थोडक्यात सांगते. किल्ल्यांची जोडी बनवायची: एक खाजगी, एक सार्वजनिक. खाजगी किल्ली तुझ्या घरी, सार्वजनिक किल्ली प्रोग्रामच्या पोटात. गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक, किती कॉम्प्युटर, सुधारणा कुठल्या तारखेपर्यंत, लायसन्स क्रमांक, एवढ्या सहा ओळींची फाईल कर आणि तिच्यावर खाजगी किल्लीने सही कर. प्रोग्राम सार्वजनिक किल्लीने सही तपासतो. फाईलमधलं एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही, आणि खाजगी किल्ली नसताना नवी सही कोणाला करता येत नाही. तलाठ्याच्या दाखल्यावरच्या शिक्क्यासारखं आहे हे, फक्त हा शिक्का खडूवर कोरून बनवता येत नाही. सहीची पद्धत स्वतः शोधू नकोस. एड२५५१९ किंवा आरएसए, ज्याची तयार लायब्ररी तुझ्या भाषेत असेल ती घे.

इथे मराठीची एक खोड सांगते, ती तुला पुण्याचा मित्र सांगणार नाही. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं, एकसंध किंवा ‘र’खाली नुक्ता देऊन. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात, सहीला नाही. गिऱ्हाइकाने व्हॉट्सअॅपवरून मजकूर उचलून चिकटवला, किंवा नोटपॅडने ओळीच्या शेवटी आपलं काहीतरी घातलं, की खरं लायसन्स खोटं ठरतं. म्हणून मजकूर आणि सही एकत्र करून बेस६४ मध्ये बांध, म्हणजे इंग्रजी अक्षरांचा एक गठ्ठा होतो, आणि तो फाईल म्हणूनच पाठव. माझा एक अख्खा रविवार ह्या ‘ऱ’ने खाल्लाय.

ह्याला इंटरनेट लागत नाही. फाईल एकदा व्हॉट्सअॅपवर गेली, उघडली, संपलं. दर वेळी सर्व्हरला विचारणाऱ्या प्रोग्रामची कल्पना ज्याला सुचली त्याने जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतरचं दापोली-श्रीवर्धन पाहिलेलं नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं ते तर आंब्याचा शेवट झाडावर असताना. कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नाही, टॉवर नाही. लोक जनरेटरवर तासभर कॉम्प्युटर लावून हिशेब करत होते, आणि त्या तासात तुझा प्रोग्राम ‘सर्व्हर सापडत नाही’ म्हणून बसला असता. डोंगलचं तर नावच काढू नकोस. हरवतो, गंजतो, आणि तालुक्याला जाऊन मिळत नाही.

खाजगी किल्लीची मात्र काळजी घे. ती हरवली तर नवं लायसन्स देता येणार नाही, चोरीला गेली तर कोणीही देईल. तीन प्रती ठेव, त्यातली एक दुसऱ्या गावात, भक्कम पासवर्डखाली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आमच्या बाजारात शिरली तेव्हा माझा कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या खणातला ‘राखीव’ पेनड्राइव्ह दोन्ही एकत्रच बुडाले. माझी किल्ली वाचली ती गुहागरला बहिणीच्या कपाटात होती म्हणून. आणि प्रोग्राममध्ये आजच दोन सार्वजनिक किल्ल्या घालून ठेव, एक वापरायची, एक अडीअडचणीची.

कोणी फार हुशार निघाला आणि प्रोग्रामचीच चिरफाड करून तपासणी काढून टाकली, तर? काढू दे. तो तुझं गिऱ्हाईक नव्हताच. त्याच्यासाठी चार महिने कुलूप घडवत बसण्यापेक्षा कॅनिंगच्या वजनाचा अहवाल नीट कर. तारीख मागे नेऊन फसवण्याचीही धास्ती नको. मुदत फक्त सुधारणांची आहे, आणि कॉम्प्युटरची तारीख मागे नेली तर त्याचीच बिलं गेल्या वर्षीची निघतील.

मुदत संपल्यावर काय होतं, हे मी प्रत्येक सॉफ्टवेअरवाल्याला आधी विचारते. तुझ्याकडे उत्तर असं असावं: काहीच बंद होत नाही. बिल निघतं, जुना हिशेब दिसतो, छापता येतो, एक्सेलमध्ये काढता येतो. फक्त नवी आवृत्ती बसत नाही आणि तू फोन उचलायला बांधील नाहीस. (उचलशील तू, मला माहीत आहे.) चौथा कॉम्प्युटर जोडला तरी हंगामात अडवू नकोस. कोपऱ्यात एक ओळ दाखव, ‘तीनांचं लायसन्स आहे, चार चालू आहेत’, आणि त्याची नोंद ठेव. जूनमध्ये त्यावर बोल. गिऱ्हाइकाचा हिशेब कधीही, कुठल्याही भांडणात, ओलीस धरू नकोस. फुकट नमुना द्यायचा असेल तर दिवसांची मर्यादा कशाला? प्रत्येक कागदावर आडवं ‘नमुना’ छाप. तसली बिलं कोणी वाशीला पाठवत नाही.

हे सगळं एका पानावर, मराठीत लिही. आपल्याकडे लिहून द्यायचं म्हटलं की लोक बिचकतात. कुळकायद्यात १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आला आणि कसणाऱ्याच्या नावावर जमिनी गेल्या, तेव्हापासून बाग कराराने देणाऱ्या घरांत कागदाची जी भीती शिरली ती नातवंडांपर्यंत उतरली आहे. तूही पाच जणांना तोंडीच दिलंस ना? तोंडी बोलीत मेव्हणा बसतो, म्हणून लिही. कोणाला दिलं, किती कॉम्प्युटर, दुसऱ्याला देऊ नये, राखीव प्रत ठेवावी, हिशेब गिऱ्हाइकाचा, प्रोग्राम तुझा, काही नुकसान झालं तर जबाबदारी त्या वर्षी घेतलेल्या रकमेपुरती, आणि वाद झाला तर न्यायक्षेत्र सिंधुदुर्ग. पान संपलं. वकिलाला एकदा दाखव, पण त्याला दुसरं पान जोडू देऊ नकोस.

कारखान्याचं थोडं वेगळं. ते तीन गोष्टी विचारतील. पहिली, सोर्स कोडसकट, म्हणजे तू लिहिलेल्या मूळ प्रोग्रामसकट हवं. नम्रपणे नाही म्हण. बाग कराराने दिली, विकली नाही. दुसरी, आमच्यासाठी अमुक बदल करून दे. कर, पैसे घे, पण बदलांचा हक्कही तुझ्याकडेच राहील असं लिहून घे. तू त्यांचा नोकर नाहीस, तेव्हा कायदाही साधारण तुझ्याच बाजूने आहे, पण हक्क त्यांच्या नावे करणारी ओळ त्यांच्या ऑर्डरच्या मागच्या बारीक अक्षरांत लपलेली असू शकते. मागची बाजू वाच. तिसरी गोष्ट ते कदाचित तोंडाने विचारणार नाहीत, मनात मात्र तीच असेल: हा पोरगा उद्या मुंबईला नोकरीला गेला तर? आपल्या भागात हा प्रश्न रास्त आहे, रागावू नकोस. सोर्स कोडची प्रत पाकिटात सीलबंद करून दोघांना मान्य अशा तिसऱ्याकडे ठेव, वकील किंवा सीए. तू सलग नव्वद दिवस सेवा दिली नाहीस तर पाकीट त्यांना मिळेल, फक्त स्वतःच्या वापरासाठी, असं लिही. त्या पाकिटाने माझी दोन मोठी कामं झाली, आणि एकही पाकीट अजून फुटलेलं नाही.

बिलाचं म्हणशील तर सेवेची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. वर गेलास की अठरा टक्के. कारखाना टीडीएस कापेल, घाबरू नकोस, विवरणपत्र भरलंस की हिशेबात धरला जातो. बाकी सीएला विचार, मी त्यातली नव्हे.

राहिले ते अकरा. पाच जणांनी तुला पहिल्यांदा पैसे दिले, त्यांना नवं लायसन्स त्याच तीन हजारांत, वरून एक वर्षाचा फोन. बाकी सहा जणांना पकडायला जाऊ नकोस. नव्या आवृत्तीत कॅनिंगचा अहवाल घाल, ती फक्त लायसन्स फाईलवर चालू दे, आणि दिवाळीच्या सुमाराला प्रत्येकाला एकदा फोन कर: ‘तुमच्या पेढीचं नाव टाकून देतो, पहिल्या वर्षी निम्म्यात.’ चोरी हा शब्द तोंडातून काढू नकोस. सुरुवात मेव्हण्यापासून कर, आणि आधी त्याची प्रिंट सरळ करून दे.

कारखान्याला मात्र दिवाळीपर्यंत थांबवू नकोस, ह्याच आठवड्यात फोन कर. दहा कॉम्प्युटरचा दर सांगण्याआधी विचार, त्यातले एका वेळी किती चालू असतात. तिथला मुनीम मोजून सांगेल, आणि माझा अंदाज आहे की तो आकडा चार निघेल.

– ताई